बोर्डाच्या आतली ओल: आधी भोक, मग सिलिकॉन

ताई, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सागाची चौकट, मागे प्लाय, पुढे दुधी ॲक्रिलिक आणि आत एलईडी मॉड्यूल, असे उजेडाचे बोर्ड तुम्ही घरीच हातानं बनवता. अंजनेरीजवळच्या एका होमस्टेसाठी केलेला चार बाय दोन फुटांचा, पाच इंच खोल बोर्ड तुम्ही जुलैत बंद केला आणि चारही कडांना सिलिकॉन मारलं. तरीही ॲक्रिलिकला आतून धुकं धरलं, खालच्या कडेला थेंब साचले आणि दिवाळीपर्यंत उजवीकडची मॉड्यूल विझली. याहून भारी सीलंट कोणतं, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

सीलंट बदलून हे थांबणार नाही आणि पुड्यांनीही नाही. बाहेर टांगलेली पेटी हवाबंद राहत नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचं काम सोपं होतं. पाणी आत येणारच असं धरून चालायचं, आलेलं पाणी लगेच बाहेर पडेल अशी वाट ठेवायची, आणि लाकूड कोरडं असतानाच पेटी मिटायची. नाशिकमध्ये बोर्ड बनवण्यात माझी हयात गेली. आतून सडलेले म्हणून आमच्याकडे उघडायला आलेले बहुतेक बोर्ड सिलिकॉननं काठोकाठ भरलेलेच असतात.

तुमच्याच बोर्डाचा हिशेब करू. त्या पेटीत साधारण ९० लिटर हवा मावते. सकाळी २० अंशांवर असलेली ही हवा दुपारच्या उन्हानं ५० अंशांवर गेली की दहा टक्क्यांनी फुगते, म्हणजे नऊ लिटर हवा बाहेर जायला बघते. वाट नसेल तर आत दाब चढतो. ॲक्रिलिकच्या आठ चौरस फुटांवर तो दाब कागदावर काढला तर ७०० किलोच्या आसपास भरतो. प्रत्यक्षात तेवढा चढत नाही, कारण त्याआधीच ॲक्रिलिक फुगतं, मागच्या प्लायला पोट येतं आणि सिलिकॉन कुठल्यातरी कोपऱ्यात केसभर सुटतं. ती फट डोळ्यांना दिसत नाही. मग पावसाची सर येते. तापलेली पेटी काही मिनिटांत गार होते, आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरचं आत ओढते. त्या वेळी फटीवर पाणी उभं असेल तर हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. आत गेलेलं हे पाणी त्या केसभर फटीतून परत बाहेर येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

शिवाय ॲक्रिलिक स्वतः बरंच ताणतं. मीटरभर लांबीमागे दर अंशाला ०.०७ मिलिमीटर, म्हणजे चार फुटांचा तुकडा डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांच्यात तीन मिलिमीटरहून जास्त लहान-मोठा होतो. सागाची चौकट लांबीला जवळजवळ हलत नाही. या दोघांच्या मधला सिलिकॉनचा पातळ थर रोज ओढला जातो. वरची कड सील करायलाच हवी, पण चारही कडांच्या सिलिकॉनवर बोर्डाचं आयुष्य टांगून ठेवू नका.

आता तुमच्या बोर्डातलं पाणी आलं कुठून? बाहेरून आलेल्यापेक्षा जास्त पाणी तुम्ही स्वतःच आत कोंडलंत, असा माझा अंदाज आहे. २५ अंशांवरची पूर्ण दमट हवा घेतली तरी ९० लिटर हवेत जेमतेम दोन ग्रॅम पाणी असतं. तुमची चौकट आणि प्लाय मिळून मात्र दहा-बारा किलो लाकूड आहे. जुलैत नाशिकला उघड्यावर किंवा पडवीत ठेवलेलं लाकूड सहज १८ टक्के ओल धरतं. बोर्ड लागल्यावर एलईडीच्या उबेनं तेच लाकूड १२ टक्क्यांपर्यंत वाळायला लागलं, तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी त्या बंद पेटीत सुटतं. गरम भाकरी डब्यात झाकली की झाकणाला घाम सुटतो ना, तेच. म्हणून पुड्यांचा उपयोग नाही. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरतं. १०० ग्रॅमची पिशवी टाकलीत तरी तीस-पस्तीस ग्रॅमला ती भरली, आणि भरलेली पिशवी उन्हानं तापली की धरलेलं पाणी परत पेटीतच सोडते. बोर्ड पॅक करून दोन दिवस टेम्पोत जाणार असेल तर पुडी जरूर टाका. टांगलेल्या बोर्डात तिचा काही उपयोग नाही.

नाशिकच्या हवेचा एक भाग इथे समजून घ्यायला हवा. लोकांना वाटतं, बोर्डाचा शत्रू जुलै-ऑगस्ट. गळतीसाठी ते खरं आहे. पण धुकं धरण्याचा मोसम ऑक्टोबरपासून सुरू होतो. पाऊस नुकताच ओसरलेला, जमिनीत ओल, दिवसा कडक ऊन, आणि रात्री आभाळ निरभ्र झाल्यामुळे झपाट्यानं उतरणारा पारा. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर एखादा पृष्ठभाग २१ अंशांवर आला की त्यावर दव धरतं. मोकळ्या आभाळाखालचं ॲक्रिलिक रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. तुमचा होमस्टे रात्री अकराला दिवे बंद करतो, पेटीची ऊब जाते आणि पहाटेपर्यंत आतली सगळी वाफ त्या गार ॲक्रिलिकवर येऊन बसते. पुढे थंडीत निफाडकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा द्राक्षबागांतल्या बोर्डांवर हाच प्रकार आणखी जोरात दिसतो.

त्यामुळे काहीही करण्याआधी सकाळी सात वाजता जाऊन बोर्ड नीट बघा. धुकं सगळ्या तोंडावर सारखं पसरलेलं असेल आणि दहा-अकरापर्यंत निघून जात असेल, तर ती आतली वाफ आहे. हवा खेळती केली की भागेल. थेंबांच्या रेघा वरच्या कडेपासून खाली आल्या असतील आणि रेघेत धुळीचा मळ असेल, तर वरून गळती आहे. धूळ वाफेबरोबर येत नाही, पाण्याबरोबर येते. तळाशी तपकिरी पाणी साचलं असेल तर लाकडाचा रंग उतरतोय, म्हणजे पाणी बरेच दिवस लाकडावर उभं आहे. आणि थेंब फक्त वायर शिरते त्या कोपऱ्यात असतील, तर बाकी सगळं सोडून आधी वायरीकडे बघा. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात उजवीकडचीच मॉड्यूल गेली आहेत आणि वायर उजवीकडून वरून येते, असं लिहिलंय. मला तरी दोन्ही आजार एकदम दिसतात: लाकडाची वाफ आणि वायरीवरून उतरलेलं पाणी.

बांधणीकडे येऊ. सगळ्यात महत्त्वाची तळाची भोकं, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

भोक सहा ते आठ मिलिमीटरचं पाडा. तीन-चार मिलिमीटरच्या भोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो. पृष्ठताणामुळे तो खाली पडतच नाही आणि हवाही अडवतो. चार फुटांच्या बोर्डाला दोन कोपऱ्यांत एकेक आणि मध्ये एक पुरेसं आहे, पण आत आडव्या-उभ्या पट्ट्या असतील तर प्रत्येक कप्प्याला स्वतःचं भोक लागतं, किंवा पट्टीच्या खालच्या अंगाला खाच मारून पाण्याला पुढच्या कप्प्यात जाऊ द्यावं लागतं. भोक पेटीच्या तळातल्या सगळ्यात खालच्या जागी हवं. बोर्ड किंचित पुढे झुकलेला असेल तर ती जागा पुढच्या कडेजवळ असते, मागे भिंतीकडे झुकलेला असेल तर मागच्या. लेव्हल लावून बघा, डोळ्यांवर विसंबू नका. लाकडाच्या पट्टीतून भोक पाडलं की आतली भिंत उघडी पडते आणि लाकूड तिथूनच पाणी पितं. म्हणून भोक आधी एक-दोन मिलिमीटर मोठं पाडायचं, त्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) फिरवायचं, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा पीव्हीसीच्या नळीचा छोटा तुकडा बसवायचा. नळीचं वरचं तोंड तळाशी अगदी सपाट घासा. दोन मिलिमीटर जरी वर राहिलं तरी तेवढं पाणी कायमचं तळात उभं राहतं. खालचं तोंड मात्र चौकटीच्या बाहेर पाच-सहा मिलिमीटर येऊ द्या, म्हणजे थेंब लाकडाला न चिकटता तिथूनच गळून पडतो.

या भोकांतून रात्री उजेडाचे ठिपके खाली पडतात, अशी गिऱ्हाइकांची तक्रार येते. भोकाच्या वर दहा मिलिमीटर अंतर सोडून पत्र्याचा छोटा वाकवलेला तुकडा लावला की उजेड अडतो, पाणी वाहतं. किडे येऊ नयेत म्हणून भोकावर मच्छरदाणीची बारीक जाळी मात्र लावू नका. बारीक जाळीत पाण्याचा पडदा धरतो आणि भोक असून नसल्यासारखं होतं.

खाली भोकं झाली, आता वर हवेला वाट. पाठीमागच्या प्लायमध्ये, वरच्या कडेपासून दोन इंच खाली, दोन्ही टोकांना पंचवीस मिलिमीटरचं एकेक भोक घ्या. त्यावर स्टीलची जाळी आणि बाहेरून तिरकं झाकण. इथे जाळी चालते, कारण इथून पाणी वाहत नाही. एलईडीच्या उबेनं आतली हवा वर चढते, वरच्या भोकातून निघते आणि खालून ताजी येते. वरच्या पट्टीत, म्हणजे आभाळाकडे तोंड करून, भोक कधीच नको. ही मागची हवा खेळायला बोर्ड भिंतीपासून वीस-पंचवीस मिलिमीटर सुटा हवा. पंचवटीतल्या जुन्या दगडी-चुन्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरतात, आणि त्यांना पाठ टेकवून लावलेला प्लाय मागून सादळत जातो. पुढून कितीही चांगलं काम केलेलं असो, त्याचा उपयोग होत नाही. चार कोपऱ्यांत नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमचे गुटके द्या. लाकडी गुटके नकोत.

वरच्या पट्टीवर एक मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्याची टोपी घाला, पुढे उतार देऊन, आणि ती ॲक्रिलिकच्या पुढे इंचभर येऊ द्या. पुढची कड खाली वाकवा, म्हणजे पाणी आतल्या बाजूला न वळता कडेवरूनच टपकतं. ॲक्रिलिक बसवताना खालच्या पट्टीत खाच मारून त्यात ते उभं करायची पद्धत सोडून द्या. ती खाच पावसाळाभर भरलेली राहते. त्यापेक्षा ॲक्रिलिक दोन छोट्या गुटक्यांवर टेकवा, बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी घ्या. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना. खालची कड मोकळी.

सिलिकॉन कोणतं, हे तुम्ही आवर्जून विचारलंय. भारी-स्वस्त यापेक्षा प्रकार महत्त्वाचा. ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिटिक सिलिकॉन. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. बंद पेटीत ते तांब्याच्या तारा आणि मॉड्यूलचे सोल्डर खातं, लोखंडी खिळ्यांना गंज आणतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. ते दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीपर्यंतच पिकतं, तेव्हा आज लावलं आणि आजच पेटी मिटली, असं करू नका. लावायच्या आधी ॲक्रिलिक साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडं करा. थिनर लावलात तर कडेला बारीक तडे जातात, आणि पाणी त्याच तड्यांतून वाट काढतं.

लाकडाबद्दल तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला असेल, तरी तीन गोष्टी सांगतो. ओल मोजायचं छोटं मीटर घ्या आणि १२ टक्क्यांच्या वर काटा असेल तर पेटी मिटू नका. पावसाळ्यात ऑर्डर असेल तर लाकूड मेमध्येच कापून, वाळवून, घरात भिंतीपासून सुटं रचून ठेवा. दुसरं, पॉलिश आतून-बाहेरून सारखंच करा. बाहेर चार हात आणि आत कोरं लाकूड ठेवलं तर आतली बाजू वाफ पिते, फुगते आणि पट्टीला बाक येतो. बाक आला की सगळे सांधे सुटतात. तिसरं, पट्टीचं आडवं कापलेलं टोक. लाकूड सपाट बाजूनं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट या टोकातून पितं. ४५ अंशांत जोडलेल्या कोपऱ्यात दोन्ही टोकं लपलेली असतात, त्यामुळे पॉलिश तिथे पोचत नाही. जोडण्याआधी टोकांना पातळ इपॉक्सी पाजा, मुरू द्या, पुन्हा पाजा, मगच सांधा. मेलामाइन घरातल्या फर्निचरसाठी आहे. बाहेर उन्हात त्याचे पोपडे निघतात. बाहेरच्या कामाला उन्हापासून जपणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, वापरा. जवसाचं तेल मला स्वतःला आवडतं, पण त्र्यंबकच्या पट्ट्यात त्यावर काळी बुरशी चढते. पाठीचा प्लाय मरीनच घ्या, त्यावर मरीन प्लायच्या भारतीय मानकाची आयएस ७१० ही छाप बघून. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, बाहेरच्या बोर्डात कुठेही नको.

वायर नेहमी खालून आत घ्या, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून उतरणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. भोकात केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट आवळणारं बूच. मॉड्यूल आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) घ्या. त्यातला ७ हा आकडा मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा. पण ही हमी मॉड्यूलची आहे, तुम्ही मारलेल्या जोडाची नाही. आमच्याकडे येणाऱ्या बंद बोर्डांत मॉड्यूल क्वचित मेलेलं असतं; इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड हिरवा पडलेला असतो. टेप सोलला की आत ओलसर चिकटा आणि हिरवी भुकटी, आणि तार बोटानं ओढली तर तुटून हातात येते. जोडाला आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळते ती) वापरा आणि जोड तळाशी लोंबू न देता पाठीला उंचावर बांधा. १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय बोर्डात ठेवू नका, छपराखाली वेगळ्या डब्यात ठेवा. २३० व्होल्टची वायर मग ओल्या पेटीत जातच नाही. बोर्ड ज्यावर टांगता त्या लोखंडी अँगलला अर्थिंग आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. पाहुण्यांची लहान मुलं बोर्डाला हात लावतात. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

आपल्याकडच्या अक्षरांचाही विचार करायला हवा. दुकानांवरच्या मराठी पाट्यांबद्दल २०२२ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून त्या पाट्यांचं काम वाढलं, आणि सुट्या उठावाच्या अक्षरांचे बोर्ड कॉलेज रोडपासून मेन रोडपर्यंत सगळीकडे लागले. तुम्हीही पुढे ते करणार आहात म्हणून सांगतो. रोमन अक्षर सुटं असतं. प्रत्येकाच्या तळाला एक-दोन भोकं पाडली की झालं. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द आतून एकच पोकळ नळी होतो. पाणी एका वेलांटीतून शिरलं तरी ते शिरोरेषेतून वाहत जाऊन चौथ्या अक्षरात उतरतं, आणि आपण चौथं अक्षर उघडून गळती शोधत बसतो.

‘सुगरण’ हा शब्द घ्या आणि कागदावर मोठा काढून बघा, पाणी कुठे कुठे थांबेल. सुच्या उकाराचा तळ. सच्या डाव्या पायाचं टोक. गचा डावा आकडा, जो मध्येच संपतो. गचा काना. रच्या पायाचं टोक. णची डावीकडची वाटी. णचा काना. चार अक्षरांना सात खोलगट जागा आणि सात भोकं. यातलं एकही गाळलं तर तिथलं पाणी शिरोरेषेपर्यंत चढून बाहेर जाणार नाही, तिथेच मॉड्यूल बुडवेल. मी नेहमी डिझाइनच्या प्रिंटवरच लाल पेननं हे ठिपके काढून कारागिराच्या हातात देतो, कारण अक्षर वाकवून, चिकटवून झाल्यावर तळात ड्रिल घालायला जागा उरत नाही. शिरोरेषेचा माथा सपाट असल्यानं त्यावर धूळ आणि पाणी बसतं. मागून वरच्या बाजूला एखादा वॉशर जास्त देऊन शब्द अगदी किंचित पुढे झुकवला की माथा वाहता राहतो. वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेला जिथे भेटतात तो सांधा आतून सील करा. तिथली गळती सगळ्यात जास्त.

जागा कुठली आहे त्यानुसार थोडा फरक पडतो. नाशिक शहरात पाऊस बेताचा. त्र्यंबक, अंजनेरी आणि त्याहून इगतपुरीकडे तो कितीतरी पटींनी जास्त, आणि वाऱ्यानं आडवी झड येते. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून बोर्डाचं तोंड पश्चिमेला असेल तर टोपी दीडपट पुढे काढा आणि मागच्या हवेच्या भोकांवरची झाकणं मोठी करा. दिंडोरी-निफाडकडच्या वायनरीचं किंवा बागेलगतचं काम असेल तर आणखी एक पथ्य. तिथे बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाची फवारणी होते, त्यात मोरचूद असतं. तांब्याचे हे तुषार उघड्या ॲल्युमिनियमवर आणि जस्ताच्या पत्र्यावर बसले की टाचणीएवढे खड्डे पडतात, आणि पुढे तिथूनच पाणी जातं. तिथली टोपी पावडर कोटिंग केलेली हवी आणि स्क्रू ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. सिंहस्थाच्या कामाची घाई तुमच्यापर्यंतही येईल. २०१५ सारखीच २०२७ ची मुख्य स्नानंही ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसात आहेत. जूनमध्ये ओल्या लाकडात घाईनं बोर्ड मिटून देऊ नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. तेव्हाची घाई दिवाळीत तुमच्याच नावावर येते.

बोर्ड टांगण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या, पण गार बोर्डावर नको. दिवे लावून तासभर उन्हात तापू द्या, मग दिवे बंद करून, प्लग काढून, वरून झारीनं किंवा शॉवरच्या नळीनं दहा मिनिटं पाणी सोडा. खरी सर जशी तापलेल्या पेटीवर येते तशी. आधी आतल्या पाठीवर आणि तळावर खडूची पूड हलकी भुरभुरवून ठेवा. नंतर उघडलं की पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, त्याची रेघ पुडीत स्पष्ट उमटलेली असते. रेघ भोकापर्यंत पोचून संपली असेल तर बोर्ड पास. थोडं पाणी आत आलं म्हणून नाराज होऊ नका. ते तळात उभं राहिलं असेल तरच काम परत करा.

आता अंजनेरीचा बोर्ड. तो फेकू नका, साग चांगला आहे. लाइन बंद करून खाली उतरवा, पाठीचा प्लाय काढा, सावलीत वारा लागेल असा आडवा ठेवा आणि मीटर १२ वर येईपर्यंत थांबा. कडक उन्हात वाळवलात तर कोपरे उकलतील. खालच्या कडेचं सिलिकॉन ब्लेडनं पूर्ण काढा, तळाला तीन भोकं नळीसकट, पाठीला वर दोन. वायर खालून आणा, सगळे जोड कापून नवे करा, हिरवी पडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. प्लाय आतून पीयूनं दोन हात. गिऱ्हाईक उतरवू देत नसेल तर जागेवरच, लाइन बंद करून, तळाला भोकं पाडा आणि दोन-तीन दिवस रात्रंदिवस दिवे सुरू ठेवा. बरीच वाफ तेवढ्यानं निघून जाईल. पण वायरीचं काम तरीही करावंच लागेल.

होमस्टेवाल्यांना दोन गोष्टी सांगून या. ऑक्टोबर ते जानेवारी दिवे रात्री पूर्ण बंद न करता डिमरवर अगदी मंद ठेवायचे. दहा वॅट आठ तास म्हणजे युनिटचा बारावा हिस्सासुद्धा नाही, पण ॲक्रिलिक तेवढ्यानं थोडं उबदार राहतं आणि दव धरणं कमी होतं. आणि दरवर्षी मेच्या अखेरीस सहाची ड्रिल बिट हातानं फिरवून तळाची भोकं मोकळी करायची, कारण उन्हाळ्यात कुंभारमाशी नेमकी तिथेच माती भरून घर करते.